सगळ्यांचे तिकीट एक

न्याय म्हटले की आपल्याला कोर्ट आठवते, काळा कोट आठवतो, वर्तमानपत्रात गाजलेला एखादा खटला आठवतो. वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना मीही समता, न्याय, बंधुता हे शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते. पण बहुतेक माणसांच्या आयुष्यात न्यायाचा प्रश्न एवढ्या मोठ्या दाराने येत नाही. तो घरात येतो आणि फार साध्या वेषात येतो. वहीच्या पानावर सोळा नावे लिहिलेली असतात, प्रत्येक नावापुढे वय, मुलांच्या नावापुढे उंची आणि शेवटच्या रकान्यात तिकिटाचा दर. मोठ्या कुटुंबाने थीम पार्कला जायचे ठरवले की असे पान तयार करावेच लागते. ते पान कसे भरावे, हा मला नीतिशास्त्रातला अगदी खराखुरा प्रश्न वाटतो.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात असे पान तयार झाले, म्हणून उदाहरण घरचेच घेते. आम्ही सोलापूरचे. जायचे होते खोपोलीजवळच्या इमॅजिकाला. माणसे सोळा. सासूबाई, म्हणजे आमच्या सर्वांच्या अम्मी. माझ्या पतींच्या फुफू, तरुणपणी विधवा झालेल्या, वर्षानुवर्षे विड्या वळून पोट भरलेल्या. मोठे दीर सौदीहून रजेवर आलेले. माझे पती औषधांच्या दुकानात हिशेब लिहितात. धाकटे दीर यंत्रमागावर. नणंदेचे यजमान गॅरेजमध्ये मेकॅनिक. चार जोडपी, सहा मुले आणि या दोन वडीलधाऱ्या बायका. एकाच आडनावाची, पण चार वेगवेगळ्या ऐपतींची ही माणसे. घरात एका दस्तरख्वानावर जेवताना ही ऐपत दिसत नाही. तिकीट काढायची वेळ आली की दिसते.

याचे एक कारण तिकिटाच्या जातीतच आहे. आमच्या सोलापूरला संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. तिथे आत जायला पैसे नाहीत. जो पाळण्यात बसेल त्याने पाळण्याचे द्यावेत, जो मौत का कुआँ पाहील त्याने त्याचे द्यावेत. आजी नातवंडाची चप्पल सांभाळत खाली उभी राहते, तिला काही पडत नाही. ज्याच्या खिशात कमी, तो एका पाळण्यावर भागवतो आणि बाकीचा वेळ भजी खातो. कोणाला काही कळत नाही. जत्रेत गरिबी गर्दीत लपते.

थीम पार्कचे तसे नाही. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड १९५५ साली उघडले तेव्हा मोठ्या माणसाला आत जायला एक डॉलर पडत असे आणि प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे द्यावे लागत. पुढे त्यांनी कुपनांची पुस्तके काढली. साध्या खेळाला ‘ए’ कुपन आणि सर्वांत भारी खेळाला ‘ई’. १९८२ साली ही पुस्तके बंद झाली. एकदा दारात पैसे भरा आणि दिवसभर हवे तितके खेळा, अशी पद्धत आली. आपल्याकडे गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली आले, इमॅजिका २०१३ साली, आणि आपण या एका तिकिटाच्या पद्धतीला सरावलो. वॉल्टर ओई नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली डिस्नेलँडचे नाव घेऊनच एक निबंध लिहिला होता : मालकाने प्रवेशाचे पैसे घ्यावेत, खेळाचे घ्यावेत की दोन्हींचे? त्यांना चिंता मालकाच्या नफ्याची होती. आपली चिंता वेगळी आहे. दारातच सारे पैसे घेतले की जत्रेतली ती खाली उभी राहणारी आजी महाग होते. बाकावर बसून पिशव्या सांभाळण्यासाठीही तिला तिकीट लागते. ज्येष्ठांना सवलत असते, पण फुकट नसते. या तिकिटावर जीएसटी २०१७ मध्ये २८ टक्के होता, तो २५ जानेवारी २०१८ पासून १८ टक्के झाला. बाकावर बसणाऱ्यालाही तो भरावा लागतोच. मग घरात पहिला प्रश्न उठतो : जी खेळणार नाही तिला न्यायचेच कशाला?

आमच्याकडे हा प्रश्न कोणी तोंडाने विचारला नाही. फुफूंनी त्याची वेळच येऊ दिली नाही. त्या म्हणाल्या, ‘‘मला चक्कर येते. तुम्ही जा, मी घर सांभाळते.’’ घरात दोघातिघांना हायसे वाटले असावे. सोळाचे पंधरा झाले, आणि तेही कोणाचे मन न दुखावता.

इथे थोडे थांबायला हवे. आपल्या कुटुंबांत गरीब नातेवाईक ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, मुलाची परीक्षा आहे, गाडी लागते, गुडघे दुखतात, पाहुणे यायचे आहेत. या सबबींना मी खोटे म्हणणार नाही. उर्दूत त्यासाठी खुद्दारी हा चांगला शब्द आहे. स्वाभिमान त्याच्या जवळ जातो. पण खुद्दारीत थोडे झाकून घेणेही आले, पदर सावरल्यासारखे. प्रश्न सबब सांगणाऱ्याचा नाहीच, ती ऐकणाऱ्याचा आहे. जी सबब मानल्याने आपले पैसे वाचतात ती आपण किती पटकन मानतो! चक्कर खरीच येत असेल, तर तिला घरी राहू देणे ही माया. ती येत नसेल, तर तिला घरी राहू देणे म्हणजे आपली सोय पाहणे. बाहेरून दोन्ही एकसारखे दिसते. अम्मींनी मात्र त्या दोन्हींतला फरक एका वाक्यात केला. त्या म्हणाल्या, ‘‘झुले पो बैठे तो चक्कर आती. घर में बैठे बैठे कायकू आती?’’

पानावर पुन्हा सोळावे नाव आले. आता पैशांचा प्रश्न. त्याला सरळ दिसणारी तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर, कर्त्या माणसाने ठरवावे आणि भरावे. मोठे दीर म्हणाले, ‘‘मी सगळ्यांचे काढतो, विषय संपला.’’ दुसरे, डोईप्रमाणे सारखी वर्गणी. तिसरे, ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावे. बी.एड.ला आम्हाला ज्याँ पियाजे हे मानसशास्त्रज्ञ अभ्यासाला होते. मुलांची नैतिक समज कशी वाढते यावरचे त्यांचे पुस्तक १९३२ सालचे. न्यायाच्या बाबतीत त्यांना मुलांत साधारण तीन पायऱ्या दिसल्या. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला वाटते, मोठी माणसे सांगतील तोच न्याय. त्यानंतर काही वर्षे ते समानतेला घट्ट धरते. सर्वांना अगदी सारखे, एक कणही इकडे तिकडे नको. अकरा-बारानंतर त्याला कळू लागते की लहान भावाला, आजारी माणसाला वेगळे माप लावावे लागते. हे वाचून परीक्षेत गुण मिळाले. पण आमच्या घरातली चर्चा ऐकताना मला वाटले, पियाजे यांच्या तिन्ही पायऱ्या एकाच खोलीत चहा पीत बसल्या आहेत आणि त्यांतले कोणीही चाळिशीच्या फार अलीकडचे नाही.

कर्त्याने भरावे यात औदार्य आहे. मोठे दीर मनाने मोठेच आहेत. पण ज्याचे पैसे, त्याचा शब्द. निघायचे किती वाजता, जेवायचे कुठे, परतायचे कधी, हे मग तोच ठरवतो. तो बोलत नसला तरी बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहतात. त्याच्या मुलाने धाकट्याच्या मुलाला ढकलले तर धाकट्याची बायको रागवायला कचरते. एहसान याला म्हणतात. तो देणाऱ्याच्या मनात नसतो, घेणाऱ्याच्या पाठीवर असतो. एका दिवसाच्या मौजेसाठी वर्षभर पाठ वाकवावी लागणार असेल, तर ते तिकीट फार महाग पडले.

डोईप्रमाणे सारखे, यात एहसान नाही. पण समजा तिकीट हजार रुपयांचे आहे. दोन मुलांच्या जोडप्याला मुलांची सवलत धरूनही तीन हजारांच्या पुढे लागतील. सौदीहून आलेल्या माणसाला हा आकडा आठवतही राहणार नाही. यंत्रमागावरच्या माणसाच्या घरात तो महिन्याच्या किराण्याला भिडतो. उर्दूत मसावात आणि इन्साफ असे दोन शब्द आहेत. मराठीत समता आणि न्याय. हे शब्द आपण जोडीने उच्चारतो म्हणून ते एकच आहेत असे वाटू लागते. डोईप्रमाणे वर्गणीत मसावात आहे, इन्साफ नाही.

तिसरे उत्तर तोंडाने सोपे. ऐपतीप्रमाणे द्या. पण ऐपत ठरवणार कोण? सर्वांसमोर कोणी म्हणावे का, तू कमी दे, तुझे कमी आहे? आणि यातून आणखी एक वाट फुटते : ज्याची जेवढी ऐपत, त्याने तेवढे मोठे तिकीट काढावे. ही वाट धोक्याची आहे, कारण आजकाल अनेक पार्कांत तिकिटांचे प्रकारच तसे असतात. साधे तिकीट, जेवणासह तिकीट, वॉटर पार्क जोडलेले तिकीट, आणि जादा पैसे देऊन रांगेच्या पुढे जाण्याचे तिकीट.

या शेवटच्या प्रकाराविषयी थोडे सांगते. डिस्नेच्या अमेरिकेतील पार्कांत १९९९ साली फास्टपास नावाची सोय आली. ठरलेल्या वेळेचा कागद घ्यायचा आणि त्या वेळी छोट्या रांगेतून आत जायचे. तो कागद तिकीट काढलेल्या प्रत्येकाला फुकट मिळे. २०२१ मध्ये ती सोय बंद झाली आणि त्या जागी पैसे देऊन रांग टाळण्याची सोय आली. मायकेल सँडेल यांच्या ‘व्हॉट मनी कान्ट बाय’ या २०१२ सालच्या पुस्तकाची सुरुवातच अशा रांग मोडण्याच्या व्यापारापासून होते. रांगेचा एक नियम आहे, आधी आला त्याला आधी. त्यात मालक आणि नोकर यांचे मिनिट सारखेच मोजले जाते. पैशाने रांग मोडली की मिनिटांचेही दर पडतात.

मोठ्या दिरांचा मुलगा दहावीत आहे. त्याला या तिकिटाची माहिती होती. तो म्हणाला, ‘‘अब्बांना परवडते, मग आम्ही उन्हात का उभे राहायचे? आम्ही काही कोणाचे हिसकावून घेत नाही.’’ हा प्रश्न उद्धट नाही आणि त्याला थातूरमातूर उत्तर देऊन चालणार नाही. परक्या गर्दीच्या बाबतीत त्याचे म्हणणे वाद घालण्यासारखे आहे. तो पैसे देतो, ते पार्कला मिळतात, कदाचित त्यामुळे साध्या तिकिटाचा दर थोडा कमीही राहत असेल. पण रांगेत मागे उभी राहणारी मुले परकी नाहीत, त्याच्या चाचांची आहेत. तो पाळण्यातून तिसऱ्यांदा उतरेल तेव्हा ती पहिल्यांदा चढत असतील. घरी आल्यावर तो तीन वेळांचे वर्णन करील आणि ती गप्प बसतील. सुट्टीत आपण एकत्र जातो ते पाळण्यासाठी की एकत्र असण्यासाठी? पाळण्यासाठी असेल तर चार घरांनी चार वेगवेगळ्या दिवशी जावे; ते जास्त सोपे. एकत्र असण्यासाठी असेल, तर दिवसाचा बराच वेळ ज्या रांगेत जातो त्या रांगेतच एकत्र असायला हवे. चुलतभावंडांच्या गप्पा तिथेच होतात.

रांगेच्या पुढे जाण्याचा हक्क कोणालाच नसावा असे मात्र मी म्हणत नाही. ज्याला उभे राहवत नाही, ज्या मुलाला गर्दी आणि आवाज सहन होत नाही, त्याला पुढे सोडावे. पण ती वाट गरजेची आहे. गरजेला दिलेली वाट पाहून मागचा माणूस चिडत नाही. पैशाला दिलेली वाट पाहून चिडतो. हा फरक शाळेतल्या पहिलीच्या मुलालाही कळतो.

मुलांचा विषय निघाला म्हणून पानावरच्या उंचीच्या रकान्याकडे वळते. आपल्या एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट असते. तिथे वय विचारतात, आणि कंडक्टरसमोर वय सांगताना कितीतरी मुले वर्षानुवर्षे अकराचीच राहतात. अनेक पार्कांत वयाऐवजी उंची पाहतात. भिंतीवर खूण असते. तिच्याखाली असलेल्याला लहान मुलाचे तिकीट. सोय चांगली, जन्माचा दाखला लागत नाही. पण आत गेल्यावर मोठ्या पाळण्यापाशी दुसरी खूण असते. तिच्याखाली असलेल्याला बसू देत नाहीत, कारण पट्टा आणि दांडा त्या उंचीच्या अंगाला धरून केलेले असतात. मग काय होते? जे मूल तिकीट खिडकीपाशी आईच्या इशाऱ्यावर गुडघे वाकवून उभे राहते, तेच मूल तासाभराने पाळण्यापाशी टाचा उंच करून उभे राहते. एका दिवसात, एकाच शरीराविषयी दोन खोट्या गोष्टी. पहिल्या खोट्याने काहीशे रुपये वाचतात. दुसऱ्या खोट्याने जिवाला धोका होऊ शकतो. आपण दुसऱ्यासाठी मुलाला रागावतो. पण मुलाच्या दृष्टीने दोन्हींत फरक काय? भिंतीवरची खूण ही फसवण्यासाठी असते, हे सकाळी आपणच त्याला शिकवलेले असते.

इन्साफ या शब्दाचे मूळ ज्या अरबी धातूत आहे, त्याच धातूतून निस्फ हा शब्द येतो. निस्फ म्हणजे अर्धा. अर्ध्या तिकिटाची आणि न्यायाची ही नातेवाईकी मला आवडते. अर्धे तिकीट ही समाजाने मुलाला दिलेली सवलत आहे. ज्याचे अर्धे त्याला अर्धे द्यावे आणि ज्याचे पूर्ण त्याने पूर्ण द्यावे, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या पानावर उंची भरताना घरच्या दाराच्या चौकटीशी मुलांना सरळ उभे करून टेप लावला. नणंदेचा मोठा मुलगा दोन बोटांनी पूर्ण तिकिटात गेला. त्याची आई क्षणभर गप्प झाली, कारण तिच्यासाठी तो आकडा लहान नव्हता. खरे बोलण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हेही इथे मान्य करायला हवे. ज्याच्याकडे कमी आहे त्याला सचोटी महाग पडते. म्हणून सचोटीचा उपदेश करणाऱ्याने आधी खर्चाचा वाटा उचलावा.

मग तो वाटा एहसान न होता कसा उचलायचा? याचे उत्तर मला पुन्हा एसटीतच सापडते. राज्यात २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात. गाडीत अर्धे तिकीट घेताना कोणतीही बाई कंडक्टरपुढे मान खाली घालत नाही. कारण ती कोणाकडे मागत नाही. नियम आधी ठरला आहे, तो सर्वांसाठी आहे, आणि पैसे कोणा एकाच्या खिशातून येताना दिसत नाहीत. मदतीला नियमाचे रूप आले की तिच्यातला एहसान जातो, हक उरतो.

घरातही हे करता येते. अम्मींनी पिठाच्या रिकाम्या डब्याला झाकणात फट पाडून घेतली. सुट्टीला तीन महिने होते. प्रत्येकाने दर महिन्याला, जमेल तेवढे, एकट्याने जाऊन त्यात टाकावे. कोणी कोणाचे विचारू नये. आणि ‘काहीच नाही’ असे कोणी करू नये, दहा रुपये चालतील. डबा उघडल्यावर जेवढे निघतील त्यात सोळा जणांचे जे एकाच प्रकारचे तिकीट बसेल ते काढावे. कमी पडले तर दुसऱ्या जागी जावे. मोठ्या दिरांना पहिल्यांदा हे पोरखेळ वाटले. पण त्यांनी त्यात सर्वांत जास्त टाकले असणार, आणि त्यांच्या मुलाने कोणाला ते ऐकवले नाही, कारण त्यालाही ते माहीत नव्हते. फुफूंनी किती टाकले ते आम्हाला कळले नाही. त्यांनी टाकले, एवढे सर्वांना ठाऊक होते, आणि पार्कात त्या ज्या बाकावर बसल्या त्यावर आपल्या हक्काने बसल्या.

अमेरिकेचे तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचा ‘ए थिअरी ऑफ जस्टिस’ हा ग्रंथ १९७१ सालचा, म्हणजे ओई यांच्या डिस्नेलँडच्या निबंधाच्याच वर्षाचा. रॉल्स म्हणतात, समाजाचे नियम ठरवताना डोळ्यांपुढे पडदा आहे असे समजा. आपण श्रीमंत निघणार की गरीब, सुदृढ की आजारी, हे ठाऊक नाही असे धरून नियम करा. एवढे मोठे तत्त्वज्ञान आमच्या डब्याला लागू करणे कोणाला हास्यास्पद वाटेल. मला तसे वाटत नाही. मी सौदीची निघेन की विडीची, हे माहीत नसते तर मी कोणता नियम मागितला असता? मला वाटते, सर्वांचे तिकीट एक असावे आणि वाटे वेगळे, हाच. तिकीट दिसते, म्हणून ते सारखे हवे. वाटा ऐपतीचा असतो, म्हणून तो झाकलेला हवा. पुष्कळ घरांत आपण नेमके उलटे करतो : वाटा सर्वांसमोर सारखा मागतो आणि तिकिटे आपापली काढतो.

तरीही या हिशेबात एक माणूस बसत नव्हता, आणि तो अजूनही मला नीट बसवता आलेला नाही. आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर. सोलापूरहून रात्रभर गाडी चालवून त्याने आम्हाला दारात सोडले. तो आमच्या कुटुंबातला नव्हता, डब्यात त्याचे पैसे नव्हते, ठरलेल्या भाड्यात त्याच्या तिकिटाचा विषय नव्हता. पण सोळा माणसे दिवसभर हसणार आणि सतरावा पार्किंगमध्ये गाडीच्या सावलीत बसणार. माझ्या मुलीने विचारले, ‘‘चाचा येणार नाहीत?’’ मोठ्या दिरांनी त्याला तिकिटाचे विचारले. तो म्हणाला, ‘‘नको साहेब, रात्री परत गाडी चालवायची आहे. मी झोपतो.’’ हे खरेच होते. रात्री त्याच्या हातात आमची सोळा जणांची जाने होती. किंवा तीही एक खुद्दारीच होती. अम्मींनी त्याच्यासाठी जेवणाचा डबा आणि अंगावर घ्यायला चादर ठेवली आणि मग आम्ही आत गेलो.